लाल बावट्याचा खेळ आज लागला तर?

जुने गाणारे आज असते तर त्यांचे कसे झाले असते, हा प्रश्न रिकामटेकडा आहे असे शहाणी माणसे म्हणतात. म्हणोत बापडी! रिकामटेकड्या प्रश्नांवाचून दिवाळी कसली? विलायतेत तर हा वाद बारमाही चालतो. लिव्हरपूलचे 'बीटल्स' १९७० साली विभक्त झाले, चौघांपैकी दोघे निवर्तले. तरी २०२३ साली जुन्या फितीतला आवाज यंत्राने मोकळा करून त्यांचे एक 'नवे' गाणे निघाले आणि तिकडे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्याकडे होता का हो असा बँड?"

होता की! त्याचे नाव लाल बावटा कलापथक. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन शाहिरांनी ते उभे केले. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ गिरणीत राबलेले. बार्शीचे अमर शेख, म्हणजे मूळचे मेहबूब पटेल, मोटारीवर क्लीनर होते. साहित्य काय, तर डफ, तुणतुणे, ढोलकी आणि तिघांचे गळे. त्यांनी तमाशाच घेतला, पण आतून पालटला. गणातले वंदन गणपतीऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्याला केले, गवळणीला रजा दिली आणि वगात सावकार, दलाल, पुढारी आणून उभे केले. सरकारने बंदी घातली. एखाद्या कलावंताला याहून मोठे प्रशस्तिपत्रक ते कोणते!

आमचे वडील शिवडीच्या चाळीत वाढले आणि पुढे गिरणीत लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, दहा-बारा वर्षांचे असताना, बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी अमर शेखांना ऐकले होते. "ध्वनिक्षेपक बंद पडला तरी कुणाला कळले नसते," असे ते सांगत. त्यात अतिशयोक्ती किती, हे मी कधी विचारले नाही. वडिलांच्या आठवणींना तळटीपा मागू नयेत. एक गोष्ट मात्र ते आवर्जून सांगत. शाहिराने ओळ टाकली की 'जी जी' म्हणायला साथीदारांची गरज नसे. मैदानच झील धरी.

मला वाटते, सारे मर्म इथेच आहे. गिरणीचा भोंगा झाला की हजारो माणसे एकाच क्षणी रस्त्यावर येत. त्यांचा पगार एक, खाडा एक, घरमालक एका जातीचा आणि गावची ओढही एक. श्रोता आधीच जमलेला असे. शाहिराने फक्त त्याच्या मनातले बोलायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले बरेच परत आत गेलेच नाहीत. आमचे वडीलही नाहीत. भोंगा थांबला आणि त्याबरोबर एका गाण्याचे सभागृहच मोडले.

आज शिवडीत हा खेळ लावायचा कुठे? खाडीवर रोहित पक्षी येतात, त्यांना प्रेक्षक भरपूर. दुर्बिणी घेऊन येतात! २०२४ सालापासून इथूनच अटल सेतू निघतो, त्यावर मोटारींनी थांबायचे नाही. मैदान मिळालेच, तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. आणि तमाशाला तर रंगच मध्यरात्री चढतो.

कुणी म्हणेल, मैदान हवे कशाला? खिशातल्या फोनवर लाख श्रोते आहेत. खरे आहे. आमच्या स्नेहसंमेलनात मुलांनी अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हटली. झकास म्हटली. शेकडो फोन वर गेले, टाळ्या पडल्या. पण झील धरायला एकाचेही तोंड उघडले नाही. दोन्ही हात गुंतलेले! लाख माणसे एकेकटी ऐकतात, त्याला प्रसिद्धी म्हणावे. लाल बावट्याच्या हिशेबी ते यश नव्हे. ऐकणारा उठून मोर्चात गेला, तर ते यश.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, मैना म्हणजे नक्की कोण?" मी सांगितले की ती गावी राहिलेली बायको, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे महाराष्ट्राबाहेर राहिलेले मुलूखही. ती म्हणाली, "मग आमच्या इमारतीचा रखवालदार रोज रात्री फोनवर बोलतो, तीही मैनाच." तो रखवालदार उत्तर प्रदेशातला.

मी त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेले. ते आज परतले आणि त्यांनी जुनेच खेळ लावले, तर आपण त्यांना शाल देऊ, श्रीफळ देऊ आणि लवकर घरी जाऊ. पण ज्यांनी गणातल्या गणपतीलाही बाजूला सरकवले, ते स्वतःचीच छक्कड कशाला उगाळत बसतील? ते आधी त्या रखवालदाराशेजारी स्टूल ओढून बसतील. पाठीवर पिशवी घेऊन जिने चढणाऱ्या पोरांची चौकशी करतील, आणि गरज पडली तर भोजपुरीही शिकतील. मग जे गाणे होईल ते मराठी रसिकांच्या पसंतीला उतरेल की नाही, सांगता येत नाही. झील मात्र मिळेल.