सुदुंबऱ्यातला मिक्सर

मिक्सर म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघर आठवतं. मी सांगतेय तो मिक्सर मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या टेबलावर असतो, धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल टाकलेला. त्याच्यामागे बसलेल्या पोराकडे एरवी कुणी बघत नाही. आवाज बिघडला की मात्र अख्खा मंडप माना वळवून त्याच्याकडे बघतो.

माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, तो माझ्याकडे मराठीला होता. सप्ते, लग्नं, उरूस, सगळीकडे त्याचा टेम्पो जातो. सुदुंबऱ्यात सप्त्याला मी गेले तेव्हा त्यानं शेजारी खुर्ची टाकली. "बाई, आज तुम्ही विद्यार्थी."

सुदुंबरे हे संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीचं गाव. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे ते हेच. कीर्तनात टाळकरी नुसते टाळ वाजवत नाहीत, बुवांनी टाकलेला चरण उचलून पुन्हा म्हणतात. आमच्याकडे मोठ्या जमातीत मुकब्बिर असायचा, तसंच काहीसं. इमामांची तक्बीर तो मोठ्यानं पुन्हा म्हणायचा, म्हणजे शेवटच्या सफेला रुकू कधी, सजदा कधी ते कळावं. लाउडस्पीकर नवा आला तेव्हा त्यातून येतो तो इमामांचाच आवाज की दुसराच, यावर उलेमांमध्ये चांगलाच वाद झाला होता. मिक्सरजवळ बसल्यावर तो प्रश्न मला अजिबात हास्यास्पद वाटला नाही.

कारण प्रत्येक आवाज इथं बदलूनच पुढे जातो. एकेक चॅनेल म्हणजे वरून खाली बटणांची उभी रांग. सगळ्यात वर गेन, सगळ्यात खाली फेडर. नवखा माणूस दोन्हींना 'आवाज कमी-जास्त' समजतो. पण माइकमधून येते ती अगदी क्षीण वीज, काही मिलिव्होल्टची. तिला कामापुरतं बळ देतो तो गेन. फेडर ठरवतो, त्या आवाजाला बाकीच्यांत किती जागा द्यायची. मला वर्गच आठवला. पोराला बोलतं करणं वेगळं आणि चाळीस जणांत त्याची पाळी किती वेळ ठेवायची, हे वेगळं. गेन कमी ठेवून फेडर वर चढवला तर आवाजाबरोबर खरखर वाढते. गेन फार दिला तर लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुढे कितीही खाली आणला तरी फाटलेलाच राहतो. म्हणून कीर्तनाआधी बुवांना पूर्ण ताकदीनं बोलायला लावायचं आणि तेव्हाच गेन ठरवायचा. बुवा मात्र हमखास "हॅलो, हॅलो" असं हळूच म्हणतात, आणि खरा आवाज कीर्तन रंगल्यावर काढतात.

लो कट नावाचं एक बारकं बटण आहे. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं ते अडवतं. बुवांच्या माइकला ते दाबायचं, कारण ते नाचतात आणि स्टेजच्या फळ्यांचा धपधप आवाज माइकमध्ये चढतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूला मात्र ते चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर घुमारा जाऊन पत्र्याचा डबा उरतो. टाळांना वेगळा माइक लागतच नाही. ते सगळ्यांच्या माइकमध्ये आपोआप घुसतात.

शिट्टी का वाजते, तेही कळलं. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, असं चक्र लागतं. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी हाताशी असलेली जागा साधारण ३ डेसिबलनं घटते. म्हणून जो माइक वापरात नाही तो बंद. आणि माइक ओठांपासूनच्या निम्म्या अंतरावर आणला की फेडरला हात न लावता सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात. शाळेच्या कार्यक्रमात आमच्या मुली लाजून माइकपासून हातभर लांब उभ्या राहतात आणि मग ऑपरेटर आवाज चढवतो, शिट्टी वाजते, मुली आणखी मागे सरकतात. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

शिट्टी थांबवायला बरेच जण सरळ 'हाय'चं बटण खाली फिरवतात. भाषेची शिक्षिका म्हणून माझा जीव इथं खालीवर होतो. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, स, श, च, त यांची ओळख मात्र वरच्या पट्टीत, दोन हजार हर्ट्झच्या वर. हाय कापला की शब्दांचं मांस राहतं, हाडं जातात. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च सारखेच होतात. उर्दूत तर जलील म्हणजे थोर आणि ज़लील म्हणजे अपमानित. फरक फक्त त्या एका घासणाऱ्या आवाजाचा. त्यात लांबचे कर्णे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरचा कर्णा दहावा भाग सेकंद मागे. दोन कर्ण्यांच्या मध्ये बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा, आणि एकही धड नाही. भोंग्यावरून आपल्याकडे एवढी भांडणं होतात. त्यातून आलेलं वाक्य कळलं का, हे मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याचं उलटं चाललं होतं. तो हाय वर वर नेत होता. पुढच्या बायका कानावर पदर ओढत होत्या आणि हा म्हणतोय, "बाई, अजून खुलत नाहीये."

त्याचं वय सव्वीस. पाच वर्षं मिरवणुकांत डीजेच्या भिंतीला टेकून उभा राहिलाय. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं असं मानतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि भिंतीपाशी आकडा त्याच्याही वर जातो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. म्हणजे नेमका तिथंच, जिथं माझे स आणि श राहतात.

कीर्तन संपल्यावर, जनरेटर बंद झाल्यावर, मी त्याला वहीचं पान दिलं. ओठ दिसू नयेत म्हणून ओढणी तोंडावर धरली आणि श्रुतलेखन घेतलं. सात, हात, पात, साप, ताप. दहापैकी सहा बरोबर. 'सात'ला त्यानं दोनदा 'हात' लिहिलं. शाळेत त्याचं शुद्धलेखन वाईट होतं, पण असं नव्हतं.

तो हसला. "दमलोय बाई." मग केबल गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, रात्री झोपताना कानात टीं आवाज येतो, दोन वर्षं झाली.

पुण्यात कानाच्या तपासणीसाठी मी त्याचा मंगळवारचा नंबर लावलाय. त्या दिवशी चाकणला सुपारी आहे म्हणतो. सोमवारी रात्री पुन्हा फोन करीन.