घाणेवाडीची वाट आणि पिशवीतला पंप

जालना शहराला पाणी पाजणारा घाणेवाडी तलाव निजामकाळातला. तो पाहायला सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह सायकलीने जावे. वाटेत काळी जमीन, कापूस आणि बांधावरच्या बाभळी. ही बाभूळच सायकलवाल्याची परीक्षा घेते. शहर मागे पडले, की पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर नसतो.

म्हणून सीटखालच्या पिशवीत मोजकेच सामान ठेवावे : टायर उचलायच्या दोन पट्ट्या, ठिगळे, सोल्युशन, काचकागदाचा तुकडा आणि चाकाच्या नटांना बसणारा पाना. पाना घरीच लावून पाहावा. जुन्या काळ्या सायकलीसाठी वॉल्व्हट्यूबचा तुकडाही हवा. ती कुजली, की पंक्चर नसतानाही हवा जाते.

पंप घेताना आधी ट्यूबचा वॉल्व्ह पाहावा. काळ्या सायकलीचा वेगळा, गिअरच्या पुष्कळ सायकलींचा मोटारसायकलसारखा. अगदी चिमुकला पंप खिशात मावतो, पण एका दट्ट्यात हवा थोडीच भरतो. जाड टायरला हात दुखेपर्यंत मारावे लागते. त्यापेक्षा वीतभराहून थोडा लांब, नळी असलेला पंप बरा. नळीमुळे वॉल्व्हला हिसके बसत नाहीत.

ठिगळ लावल्यावर टायर आतून चाचपून काटा काढावा. नाहीतर पुन्हा तेच.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. वाटेत पंक्चर झाले तर तिचा शाळेचा दिवस बुडतो. तेव्हा पालकांनो, तलावाच्या काठी एक चाक लेकीकडूनच उघडून घ्या, आणि पंपही तिच्याच हाती द्या.