फ्रीझरमधली शिकार

संपादकांनी लेख मागितला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला. शिकारीचं मटण फ्रीझरमध्ये दोन-तीन वर्षं पडून राहिलं तर खावं की टाकावं? अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वर्षभर येत असतो, नोव्हेंबरात जरा जास्त. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. शिकारीचं मटण इथे विकता येत नाही, भेट मात्र देता येतं. मग शेजारचे आजोबा पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पाकिटं आणून देतात. आपण ती संकोचाने घेतो आणि फ्रीझरच्या तळाशी सारतो. पुढच्या वर्षी त्यांच्यावर नवी पाकिटं येऊन पडतात. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि सांबराचं मटण घरात सापडणं हाच गुन्हा आहे.)

गेल्या वर्षीचा एक फोन अजून डोक्यातून जात नाही. एका तरुण जोडप्याच्या शेजारचे गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीने फ्रीझर रिकामा करताना हरणाचं मटण या दोघांना दिलं. काही पाकिटांवर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. मी म्हटलं, ‘थांबा, शनिवारी येऊन बघते.’ शनिवारी पोचले तोवर सगळं कचऱ्यात गेलं होतं. त्यांना कुठेतरी ‘१२ महिने’ असा आकडा सापडला होता. त्यात पाठीच्या कण्यालगतचे लांब तुकडे होते, हरणातलं सर्वांत मऊ मांस. चरबी आणि पडदा निगुतीने काढून, हवा शोषून घेतलेल्या पिशव्यांत भरलेले. हे मला त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, म्हणून तर थांबा म्हटलं होतं.

तो १२ महिन्यांचा आकडा खोटा नाही. अमेरिकेचं कृषी खातं शिकारीच्या मटणाच्या अख्ख्या तुकड्यांना ८ ते १२ महिने आणि खिम्याला ३ ते ४ महिने सुचवतं. पण हे आकडे चवीचे आहेत. तेच खातं हेही सांगतं की उणे १८ अंश सेल्सिअसला सतत गोठलेलं अन्न सुरक्षिततेच्या दृष्टीने अमर्याद काळ टिकतं. लोक पहिलं वाक्य वाचतात आणि दुसऱ्यापाशी पोचत नाहीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मांसतपासणी शिकल्यापासून आजवर मला याच एका गोष्टीचा सर्वांत जास्त शीण आला आहे. माणसं मटणाला ‘किती दिवसांचं’ एवढंच विचारतात. कुठल्या प्राण्याचं, कसं साफ केलं, कसं गोठवलं, हे विचारत नाहीत, आणि उत्तर तर तिथेच असतं.

उणे १८ ला जिवाणू वाढत नाहीत, मात्र सगळे मरतही नाहीत. म्हणजे मटण ज्या अवस्थेत आत गेलं, साधारण त्याच अवस्थेत बाहेर येतं. गोळी पोटात लागून आतडं फुटलं असेल, किंवा उबदार दिवशी हरीण फाडायला उशीर झाला असेल, तर फ्रीझर ती चूक दुरुस्त करणार नाही, जपून ठेवील. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि ते शून्याच्या थोडं खाली गोठू लागतं. उणे एक ते उणे सातच्या टप्प्यात मटण जितका जास्त वेळ रेंगाळतं तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशींचे पडदे फाडतात, आणि पुढे बर्फ सुटताना लाल पाणी ताटलीभर वाहतं. शिकारी लोक अख्खं हरीण एकाच संध्याकाळी एकावर एक रचून ठेवतात, तेव्हा मधली पाकिटं गोठायला फार वेळ घेतात. गॅरेजमधला स्वतःहून बर्फ वितळवणारा फ्रीझर तर ठरावीक वेळाने थोडा तापतो, पुन्हा गार होतो, आणि दर फेरीत लहान स्फटिक विरून मोठे आणखी मोठे होतात. म्हणून मी सगळ्यांना वरून उघडणारा, हाताने बर्फ काढावा लागणारा जुन्या पद्धतीचा फ्रीझर घ्यायला सांगते.

पाकिटात हवा राहिली तर बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. मटणावर करडे-तपकिरी कोरडे चट्टे दिसतात. याला फ्रीझर बर्न म्हणतात. लोक ते पाहून घाबरतात, पण ते सुकटीसारखं वाळणंच आहे. तेवढा भाग कापून काढा, बाकीचं खा.

चरबीचा मामला निराळा. गारठ्यात जिवाणू थांबतात, चरबी आणि प्राणवायू यांची देवाणघेवाण थांबत नाही. ती मंद चालूच राहते आणि मटण खवट होतं. असंतृप्त चरबी जितकी जास्त तितकं लवकर. शिवाय वन्य प्राण्यांचं मांस गडद असतं, म्हणजे त्यात लोहयुक्त रंगद्रव्य जास्त, आणि लोह या क्रियेला हातभार लावतं. खिम्यात तर हवा कणाकणाला भिडलेली असते. हरीण अंगचं कमी चरबीचं, त्यामुळे टिकतं. रानबदक, रानडुक्कर, अस्वल लवकर खवटतात. इथले खाटीक हरणाच्या खिम्यात बहुधा डुकराची चरबी घालून देतात. तसला सहा महिन्यांचा खिमा आणि हवाबंद पिशवीतला तीन वर्षांचा हरणाचा तुकडा समोर ठेवला तर मी तुकडा उचलीन.

किती काळ, याची टोकाची गोष्ट अलास्कात घडली. फेअरबँक्सजवळ सोन्याच्या खाणीत १९७९ मध्ये हिमयुगातल्या गव्याचं गोठलेलं कलेवर सापडलं. डेल गथ्री या पुराजीवशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये त्याच्या मानेच्या मांसाचा रस्सा करून पाहुण्यांना वाढला. नव्या कालमापनानुसार तो गवा ५०,००० वर्षांहून जुना आहे. कुणाला काही झालं नाही. तुम्ही असं करा असं मी म्हणत नाही. पण काळ एकटा मटणाला विषारी करत नाही.

आता त्या समजुतीकडे येते जिच्याशी मी सतत भांडत असते: ‘महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवलं की जंत मरतात.’ डुकराच्या बाबतीत हे खरं आहे. ट्रायकिनेला स्पायरॅलिस नावाचा सूक्ष्म कृमी स्नायूंत अळीच्या रूपाने दडतो. सहा इंचांपेक्षा कमी जाडीचं डुकराचं मांस उणे १५ अंशांना २० दिवस ठेवलं की त्या अळ्या मरतात. लोकांनी हा नियम सगळ्या प्राण्यांना लावला. पण थंड प्रदेशातल्या अस्वलांत, कोल्ह्यांत, वालरसांत त्याचा भाऊबंद असतो, ट्रायकिनेला नॅटिव्हा. त्याला गोठणं सोसतं. २०२२ च्या उन्हाळ्यात साउथ डकोटात एक कुटुंब जमलं होतं. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये मारलेल्या काळ्या अस्वलाचं मटण त्यांनी उणे १५ अंशांना ४५ दिवस ठेवलं होतं. त्याचे कबाब केले. मांस मुळातच गडद, त्यामुळे शिजलं की नाही हे रंगावरून कळलं नाही आणि ते कच्चट वाढलं गेलं. सहा जण आजारी पडले, तिघांना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्यातल्या दोघांनी मटण खाल्लंच नव्हतं; त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेलं मटण ११० दिवसांहून अधिक गोठलेलं राहिल्यावर प्रयोगशाळेत तपासलं, तरी अळ्या हलत होत्या.

आपल्या मराठी मंडळाच्या सहलीत एकाच जाळीवर पनीर, सिमला मिरची आणि मटण भाजलं जातं, म्हणून हे इतकं लांबवून सांगते आहे. अस्वलाचं मटण आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं पाहिजे. ते फक्त थर्मामीटर सांगतो. रंग, वास, आजीचा अंदाज सांगू शकत नाही.

गोठवण्यानेही जात नाही आणि शिजवण्यानेही जात नाही असं दुखणं हरणांत आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. विकृत प्रथिनामुळे होणारा, मेंदू पोखरणारा हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनात आढळला. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी बाधित प्राण्याचं मांस खाऊ नये, असंच आरोग्य यंत्रणा सांगतात आणि मीही सांगते. हे सांगताना माझा आवाज इतर ठिकाणी असतो तितका ठाम नसतो, कारण ‘सिद्ध झालेलं नाही’ या शब्दांवर किती भार टाकावा हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

तेव्हा यंदा शेजाऱ्याने पाकीट दिलं तर आभार मानून दोन गोष्टी जरूर विचारा: या रोगाच्या चाचणीला हरणाचा नमुना दिला होता का, आणि यात डुकराची चरबी मिसळली आहे का. निकाल येईपर्यंत पाकीट फ्रीझरमध्येच राहू द्या. त्यावर प्राण्याचं नाव, तुकडा आणि तारीख लिहा. शिजवायच्या आदल्या दिवशी ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. पिशवी उघडून वास घ्या. खवट आला तर टाका. नाही आला, तर तीन वर्षांचं हरीणही मंद आचेवर शिजवून खुशाल खा.