गॅलॅक्टोजची बाटली

मागच्या सत्रात मी आमच्या हाऊसच्या ज्युनियर ड्रिल स्क्वॉडचा इन्चार्ज होतो. स्क्वॉडमध्ये सातवीतला एक कॅडेट होता, माझ्यासारखाच मराठी घरातला. 'तेज चल' म्हटले की त्याचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जायचे. स्पर्धा आठ दिवसांवर आली तेव्हा मी त्याला स्क्वॉडमधून काढले आणि इतरांना कळू नये म्हणून मराठीत म्हणालो, "हे तुझ्या रक्तातच नाही." तो "बरं दादा" म्हणाला आणि डॉर्मिटरीकडे गेला. माझे आजोबा फौजेत होते. त्यामुळे रक्ताबद्दल बोलायचा मला अधिकारच आहे, असे मला वाटत होते.

त्याच आठवड्यात सायन्स क्लबमध्ये आम्ही यीस्टचा प्रयोग लावला. पाव फुगवायला वापरतात तेच हे यीस्ट. तीन बाटल्यांत कोमट पाणी आणि सारखेच यीस्ट घातले. पहिलीत ग्लुकोज, दुसरीत गॅलॅक्टोज नावाची साखर, तिसरीत काहीच नाही. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला फुगा बांधला. तासाभरात ग्लुकोजचा फुगा ताठ उभा राहिला. गॅलॅक्टोजचा लोळत पडला होता. मी वहीत 'निष्फळ' लिहिले आणि बाटली ओतून टाकायला उचलली. मॅडम म्हणाल्या, "घाई कशाची? सकाळपर्यंत राहू दे."

सकाळी पी.टी.नंतर पाहतो तर तोही फुगा उभा! नुसत्या पाण्याचा मात्र तसाच पडलेला.

मग मॅडमनी समजावले. यीस्टच्या पेशीत सुमारे ६००० जनुके असतात. गॅलॅक्टोज वापरण्यासाठी लागणारी जनुके त्यांत पहिल्यापासूनच असतात, पण ग्लुकोज मिळत असेपर्यंत ती बंद राहतात. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपट्यांवर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण. म्हणून पकड घट्ट. ग्लुकोज नसताना गॅलॅक्टोज मिळाले, की पेशीतले एक प्रथिन त्या जनुकांपाशी मदतनीस बोलावते. त्यांतले जीसीएन५ नावाचे विकर हिस्टोनच्या शेपटीला ॲसिटिल हा छोटासा रासायनिक गट चिकटवते. तिथला धनभार जातो, पकड सैल होते आणि जनुक वाचणारी यंत्रणा कामाला लागू शकते. आरपीडी३ सारखी विकरे तो गट पुन्हा काढून टाकतात. या सगळ्यात डीएनएचे एक अक्षरही बदलत नाही.

असे काही घडत असावे, हा विचार व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये मांडला होता. १९९१ मध्ये मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने एका हिस्टोनची शेपटी नसलेले यीस्ट तयार केले, तर गॅलॅक्टोजचे जनुक नीट चालूच होईना. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात ॲसिटिल गट लावणारे विकर सापडले. ते यीस्टच्या जीसीएन५ चे भावंडच निघाले, आणि जनुके चालू करायला जीसीएन५ लागते हे तर आधीच माहीत होते. विचारापासून पुराव्यापर्यंत ३२ वर्षे गेली. मी त्या बाटलीला एक तास दिला होता.

मला तो ज्युनियर आठवला. मी विचारले, "मॅडम, माणसाचंही असंच असतं का?" त्या म्हणाल्या, "हिस्टोन माणसातही असतात. पण ड्रिल हे काही एका जनुकाचं काम नाही. यीस्टवरून मुलाचा निष्कर्ष काढू नकोस." त्यांचे बरोबर होते. पण मी तर यीस्टएवढाही पुरावा नसताना त्या मुलाचा निकाल लावून मोकळा झालो होतो.

रात्री प्रेपनंतर मी त्याच्याकडे गेलो. "त्या दिवशी मी चुकीचं बोललो," म्हणालो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मी बाबांना फोनवर तेच सांगितलं. माझ्या रक्तात नाही, मला घरी घेऊन जा म्हणालो." मला काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, "उद्या पी.टी.च्या आधी पंधरा मिनिटं हाऊसमागे ये."

तेव्हापासून तो रोज येतो. घरी जायचे त्याने पुन्हा काढलेले नाही. पुढच्या वर्षी इन्चार्ज होणाऱ्या मित्रांना एवढेच सांगेन, की 'निष्फळ' लिहिण्याआधी किमान एक रात्र थांबा. परवा त्याने सलग वीस पावले बरोबर टाकली आणि एकविसाव्याला चुकला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.