एक दोन तीन, नाल्कू ऐदू आरू

बेळगावात लहान मुलांचा गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या माणसाला दर जूनमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "बाई, परीक्षेला कधी बसवणार?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "गाणी कुठल्या भाषेतली शिकवता?" पहिला प्रश्न मी गेली वीसेक वर्षं हसून पुढे ढकलत आले. दुसरा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आपल्या सीमाभागात तो विचारणाऱ्याच्या मनात पोराबाळांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची काळजी असते.

परीक्षांशी माझं वैर नाही. आपल्या शेजारच्या कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं साध्या गृहस्थाच्या मुलांपर्यंत पोचलं. वर्ग, पुस्तक, स्वरलिपी ही त्या खटपटीचीच फळं. पण स्वरलिपी म्हणजे गावाचा नकाशा. ज्यानं गाव पाहिलंय त्याला तो कामाचा. सहा वर्षांच्या पोराच्या हाती नकाशा देऊन "पाठ कर" म्हटलं तर ते बिचारं पाठ करतं, पहिल्या वर्गात पासही होतं. आणि शेजारच्या घरी कुणी सुरेल गात असलं तरी त्याचा कान तिकडे वळत नाही. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणून आमच्याकडे पहिला महिना पेटी झाकलेली असते. तंबोरा तेवढा लावायचा. हल्ली मोबाइलमध्येही तंबोरा वाजतो, पण मी लाकडी भोपळ्याचाच हट्ट धरते, कारण मुलांना त्याला कान लावता येतो. पंचम, दोन जोड, शेवटी खर्ज. थोडा वेळ ऐकवायचं आणि विचारायचं, "तारा चार आहेत. पण आणखी कोण गातंय?" पहिल्या दिवशी कुणालाच काही सांगता येत नाही. चार-सहा दिवसांनी एखादी चिमुरडी डोळे विस्फारून म्हणते, "बाई, आत कुणीतरी वेगळंच बोलतंय!" तो खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार. कुणी छेडलेला नसतो, तरी असतो. तो ज्याला सापडला त्याला 'ग' म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

मग खेळ सुरू होतात. कुकरची शिट्टी तंबोऱ्याच्या वर आहे की खाली? फेरीवाल्याच्या हाकेतला शेवटचा सूर कोण धरून ठेवतो? पाऊस पत्र्यावर कसा वाजतो आणि कौलावर कसा? आमच्याकडे पाऊस महामूर, त्यामुळे या अभ्यासाला साहित्य कमी पडत नाही. नंतर चिनी मातीच्या सहा वाट्या मांडायच्या, शेजारी पाण्याचा तांब्या आणि एक बारीक काडी. पाणी घातलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. हे मी सांगत नाही. एका मुलीनं ते स्वतःच शोधलं आणि कारणही देऊन टाकलं, "पाणी पिऊन वाटी जड झाली, म्हणून तिचा आवाजपण जड झाला." दोन दिवस सांडलवंड करून मुलांनी सा रे ग प ध आणि वरचा सा असे सूर जुळवले. भूप झाला. त्यांतल्या एका कन्नड घरच्या मुलानं घरी जाऊन तो मावशीला गाऊन दाखवला. मावशी कर्नाटक संगीत शिकलेली. ती म्हणाली, हा तर मोहन! दुसऱ्या दिवशी वर्गात वाद, भूप की मोहन? शेवटी त्याच पोरानं निकाल दिला, "मला घरी एक हाक मारतात, शाळेत दुसरी. तसंच."

तालाचं तर हात-पायच शिकवतात. हादग्याचा फेर धरून मुली फिरू लागल्या की मात्रा मोजायला कुणी सांगावं लागत नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा. पहिलीवर सम, तिथे टाळी. चौथीवर खाली, तिथे हात उघडायचा. ही खाली मुलांच्या ध्यानात राहीना, टाळीवर टाळी पडे. तेव्हा आम्ही एक युक्ती काढली. टाळीला मराठी, खालीला कन्नड. एक दोन तीन, नाल्कू ऐदू आरू. भाषा बदलली की हात उघडायचा. पंधरा मिनिटांत सगळा वर्ग दादऱ्यात डोलू लागला.

या खेळावरूनच एक पालक माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, पण दुखावलेले होते. म्हणाले, "बाई, रस्त्यावर कन्नड, कचेरीत कन्नड, शाळेत इंग्रजी. पोरीच्या कानावर धड मराठी पडते ती घरात आणि तुमच्याकडे. तुम्हीपण तिला नाल्कू ऐदू शिकवायला लागला, तर आम्ही जायचं कुठं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

त्या आठवड्यात मी मुलांना सांगितलं, प्रत्येकानं घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं आणायचं. पुस्तकातलं नको, सिनेमातलं नको. त्या गृहस्थांच्या मुलीनं खानापूरकडच्या आपल्या आजीची जात्यावरची ओवी आणली. तिच्या वडिलांनी आईला गाताना ऐकून बरीच वर्षं झाली होती. घरात जातंच उरलं नव्हतं. आणखी एका मुलानं त्याच्या अज्जीचं बीसुकल्लिन पद आणलं, म्हणजे कन्नडमधलं जात्यावरचंच गाणं. चाली वेगळ्या होत्या, शब्द तर वेगळे होतेच. पण झोका एकच. दळण दळताना खुंटा ओढायचा आणि सोडायचा, त्या श्वासानं दोन्ही गाणी घडलेली. पुढच्या रविवारी दोन्ही म्हाताऱ्या वर्गात येऊन बसल्या. मुलांनी दोघींची गाणी उचलली, आणि ओवी गायला कन्नड घरची मुलं सगळ्यांत पुढे होती. मुलीचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. माझं पटलं असंही कधी म्हणाले नाहीत. मुलगी मात्र येत राहिली, आणि आजीकडून तिनं बऱ्याच ओव्या शिकून घेतल्या.

मला यातून एवढंच कळलं आहे, की मुलाची भाषा शेजारच्या गाण्यानं पातळ होत नाही. ती पातळ होते घरातलं गाणं बंद पडल्यानं. इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला एक कन्नडभाषी मुलगा थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाऊ लागला. त्याच्या कानानं आधी गाणं घेतलं, शास्त्र मागून आलं. पुढे मुंबईत देवधरांकडे शिकून, देवासला स्थायिक होऊन त्यानं माळव्याची लोकगीतं कानात साठवली आणि लोकधुनांतून राग कसे उमलतात ते दाखवून दिलं. आपण मराठी माणसं कुमार गंधर्वांना आपलेच म्हणतो. कन्नड माणसंही म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बहुतेक जण दहावीला गाणं सोडतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. गवई फार थोडे होतात, ऐकणारे मात्र पुष्कळ लागतात. ज्यांना परीक्षा द्यायची त्यांची तयारी मी तिसऱ्या वर्षापासून करून घेते आणि ती मुलं चांगली उत्तीर्णही होतात. पालकांना माझं मागणं एकच आहे. वर्गाची फी भरून झाली की आपलं काम संपलं असं समजू नका. रात्री दिवे मालवल्यावर मुलाजवळ बसून आपल्या आईनं म्हटलेलं एखादं गाणं म्हणा. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, मुलं त्याकडे पाहत नाहीत. आजी हयात असेल तर तिलाच म्हणू द्या, आणि शेजारची अज्जी गात असेल तर खिडकी उघडी ठेवा.