युका आणि एकादशी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स या वस्तीत ७४व्या रस्त्यावर साबुदाणा, भगर, राजगिरा असा उपवासाचा सारा सरंजाम मिळतो. परंतु तेथून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूकडे वळून, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या आगगाडीच्या लोखंडी पुलाखालून थोडे चालले, की कोलंबिया, इक्वेडोर या मुलखांतून आलेल्या लोकांची दुकाने लागतात, आणि ज्या कंदापासून तो साबुदाणा निघतो तो खुद्द कंद, युका, तपकिरी सालीचा व मेणाने चकाकणारा, केळ्यांच्या शेजारी रास घालून ठेवलेला दिसतो.

पैठणहून नाथांची आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी ज्या बीड जिल्ह्यातून पंढरीस जाते, त्या आमच्या जिल्ह्यात आषाढी एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही अनादि वहिवाट मानली जाते. या वहिवाटीचे दप्तर उघडले तर निराळेच निघते. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो मलबारात आणला आणि १८८० नंतर त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. साबुदाणा मात्र पूर्वी मलायाकडील सागूच्या झाडाच्या खोडातील पिठाचा येई; महायुद्धात तो मुलूख जपानच्या हाती जाऊन आयात खुंटली, तेव्हा १९४३च्या सुमारास सेलम येथे या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची हीदेखील अमेरिका खंडाचीच लेकरे. तेव्हा फराळाच्या ताटात देशी म्हणावी अशी एकटी भगर उरते, आणि तिच्याकडे पोरे नाक मुरडतात!

एवढा जगप्रवास केलेला हा कंद जमिनीबाहेर मात्र अत्यंत नाजूक आहे. झाडाला लागून मातीत असेतोवर तो महिनोन्महिने टिकतो, किंबहुना तिकडच्या कास्तकाराचे कोठार म्हणजे त्याचे शेतच. परंतु एकदा उपटला, की दोन-तीन दिवसांतच जखमेच्या वाटेने शिरलेल्या हवेमुळे त्याच्या गरात निळसर-काळ्या शिरा उमटू लागतात. आमच्याकडे ज्वारी खळ्यावरून आणून पुन्हा भुईच्या पोटात, पेवात उतरवीत आणि दुष्काळात ते पेव उघडीत. परदेशी निघालेल्या युकाला पेव कोठले, म्हणून त्याला मेणाचा लेप देतात, ज्यायोगे हवा अडून तो काही आठवडे तग धरतो. विकत घेताना दुकानदाराकडून एक टोक मोडून घ्यावे; गर शुभ्र असेल तर घ्यावा, शिरा दिसल्या तर मुकाट्याने परत ठेवावा.

घरी आणल्यावर तुकडे करून सुरीने बाहेरची साल आणि तिच्याखालचा गुलाबी पापुद्रा दोन्ही सोलावेत. या कंदात, विशेषतः सालीत, सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, सबब तो कच्चा कदापि खाऊ नये, आणि शिजवलेले पाणी ओतून द्यावे. सोललेले तुकडे पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलीत, शीतकपाटात दोन-चार दिवस राहतात. त्याहून अधिक काळाची तजवीज हवी तर ते गोठवावेत व पुढे न वितळविता थेट उकळत्या पाण्यात सोडावेत. आळशी गृहस्थांसाठी सोललेल्या, गोठवलेल्या तुकड्यांच्या पिशव्या तयारच मिळतात. मी बहुधा त्याच आणतो.

मीठ घातलेल्या पाण्यात वीस-तीस मिनिटांत तुकडे फाटून उमलतात. मग मधली दोरीसारखी शीर ओढून काढावी. क्यूबाचे लोक त्यावर लसूण व आंबट संत्र्याच्या रसाची फोडणी ओततात, इक्वेडोरचे लोक तो माशाच्या रश्श्यात घालतात. एकादशीला यांतले काहीच चालत नाही. तेव्हा तुपात जिरे तडतडवून, हिरवी मिरची टाकून, त्यावर तुकडे परतावेत आणि शेंगदाण्याचे जाडसर कूट सढळ हाताने घालावे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे उपवासाला चालते का, अशी हरकत घेतली, तर साबुदाण्याचा दाखला पुढे करावा. मात्र ही सुनावणी जेवणानंतर ठेवावी, कारण निवाला की हा कंद पुन्हा घट्ट होतो आणि मग तो चावताना कोणाचाच निकाल त्याच्या बाजूने लागत नाही.