माळवदातली तार

आमच्याकडच्या जुन्या माळवदाची भिंत दोन-अडीच फूट जाडीची असते. दगड, पांढरी माती, वर तुळया आणि त्यांवर पुन्हा मातीचा थर. बीडचा वैशाख बाहेर पेटलेला असतो तेव्हा माजघरात अंग टाकलं की डोळा लागतो, तो या भिंतीमुळे. ती ऊन अडवते तशी वायफायही अडवते. राउटर बैठकीत, माजघरात सिग्नलच्या दोन काड्या, आणि मागच्या खोलीत, जिथे पुतणी अभ्यासाला बसते, तिथे काहीच नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पहिल्याच भिंतीत विरतात, २.४ च्या जरा पुढे जातात. पावसाळ्यात माती ओली झाली की त्यांचीही वाट बिकट होते, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं.

म्हणून मी तारेकडे वळलो, आणि तारेच्या प्रेमातच पडलो. कॅट-६ केबल सोलली की आत आठ बारीक तारा निघतात. त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. बाहेरचा गोंगाट, म्हणजे मोटारीचा, ट्यूबलाइटचा, जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र वाचतं ते दोन तारांमधला फरक, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. जोड्यांनी एकमेकींना त्रास देऊ नये म्हणून प्रत्येकीचा पीळही वेगळा. इतकी समजूतदार वस्तू घरात क्वचित येते. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावायचा, टोकं एका रेषेत कापायची, जॅकमध्ये सरकवून क्रिंपरने दाबायची. टेस्टरवर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीने लागले की पुतणी टाळ्या वाजवते. भिंत फोडली नाही. दारांच्या वरच्या फटींतून, दिवळीच्या कडेने, विजेच्या वायरीपासून अंतर ठेवत तार मागे नेली.

मग पत्ते. राउटरचा 192.168.1.1, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो स्वतःच एकेक क्रमांक देतो. हे क्रमांक खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत; 1996 साली तसा दस्तऐवजच निघाला. परळीतल्या घरात तेच आकडे, पुण्यातही तेच, आणि बाहेरच्या जगाला यातला एकही दिसत नाही.

इंटरनेट म्हणजेच नेटवर्क, असं आपण धरून चालतो. पण 1973 मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली ती एकाच इमारतीतली यंत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. रस्त्यावर जेसीबी चालला आणि फायबर तुटला, तरी आमच्या जुन्या संगणकात साठवलेले सातबारा, लग्नांचे फोटो, वडिलांच्या आवाजातला हरिपाठ आईच्या फोनवर येतच राहतो. भारनियमनात राउटरला लहानशी बॅटरी पुरते. बीडजवळची खजाना विहीर मला इथे आठवते. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवली. तिचं पाणी मोटेशिवाय, नुसत्या उताराने, जमिनीखालच्या नहरीतून शेतांपर्यंत जातं. आपल्यापुरती वाट आपण आखून ठेवण्याचं शहाणपण या मातीत होतंच. दर वेळी आपलाच फोटो दूरच्या कुठल्या कंपनीच्या गोदामातून मागवून घ्यायचा, हे मला कधीच पटलं नाही.

वाटणीत वाड्याचा मागचा भाग काकांकडे गेला. मध्ये अंगण आहे. तिकडेही जोडणी द्यावी असं मनात आहे. पण उघड्यावरून तांब्याची तार नेणं बरं नाही; अवकाळीत आमच्याकडे विजा फार पडतात, आणि तारेवाटे त्या दोन्ही घरांतली यंत्रं जाळू शकतात. फायबर काचेचा, त्याला ती भीती नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "आण की बाबा. फक्त माझ्या भिंतीला भोक पाडू नको, दारावरून घे." रविवारी अंगण मोजायचं ठरलंय.